बंद पडलेला जुना डेनिम ब्रँड परत उभा करायचाय? मग आधी जुनी पँट शोधा

जुना, बंद पडलेला जीन्सचा ब्रँड परत चालू करायचा म्हटलं की बहुतेक लोक सगळ्यात आधी लोगो नव्याने काढून घेतात, इन्स्टावर पेज उघडतात, चार टी-शर्ट छापतात आणि जीन्स मात्र कुठल्यातरी फॅक्टरीच्या तयार पॅटर्नवर शिवून घेतात, मागे कंबरेवर फक्त आपल्या नावाचा पॅच. एखादा सीझन चालतं, मग थंड. कारण अगदी साधं आहे. ज्यांना तो ब्रँड आठवतो त्यांच्या डोक्यात ती पँट कशी बसायची, कापड किती जाड होतं, खिशात हात किती आत जायचा हे असतं, आणि ज्यांना आठवत नाही त्यांना तुमच्या इतिहासाशी काही देणंघेणं नाही, त्यांना चांगली जीन्स पाहिजे. म्हणजे दोन्हीकडून गाडी पँटवरच येते. म्हणून खाली जे सांगतोय त्यात पँट मधोमध आहे आणि बाकी सगळं तिच्या मागून. क्रम शक्यतो बदलू नका, पैसे वाचतील.

पहिलं काम कंटाळवाणं आहे: नाव कोणाचं आहे ते बघा

दुकानं बंद झाली, फॅक्टरी बंद झाली म्हणजे नाव मोकळं झालं असं अजिबात समजू नका. कितीतरी जुनी नावं एखाद्या मोठ्या ग्रुपच्या फायलीत पडून असतात, नाहीतर कोणीतरी त्या नावाने मोजे किंवा परफ्यूम विकत असतो आणि तेवढ्यावर हक्क जिवंत ठेवून असतो. ट्रेडमार्कच्या रजिस्टरमध्ये शोधताना कपड्यांचा क्लास २५ तर बघाच पण बॅगा आणि चामड्याच्या वस्तूंचा १८ आणि दुकानदारीचा ३५ पण बघा, आणि जिथे विकायचंय त्या प्रत्येक देशात वेगळं बघा, कारण एका देशात मोकळं असलेलं नाव दुसऱ्या देशात भलत्याच माणसाकडे असू शकतं.

वापर थांबला की हक्क कमजोर होतो हे खरं, पण प्रत्येक ठिकाणचा हिशोब वेगळा. अमेरिकेत सलग ३ वर्षं वापर नसेल तर मार्क सोडून दिलाय असं प्रथमदर्शनी धरलं जातं, युरोपियन युनियनमध्ये आणि ब्रिटनमध्ये ५ वर्षं, भारतात ५ वर्षं आणि वर ३ महिने. पण हे आपोआप होत नाही बरं का, कोणीतरी अर्ज करून तो रद्द करून घ्यावा लागतो आणि समोरचा माणूस वापर दाखवायला कागद घेऊन येऊ शकतो. म्हणून मालक सापडला तर सरळ बोलून विकत घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. लायसन्सवर घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणजे अगदीच दुसरा मार्ग नसेल तर घ्या, पण तुम्ही राबून नाव चालवणार आणि चालायला लागलं की मालक मुदत वाढवून देणार नाही, हे फार वेळा होतं.

करार करताना नावाबरोबर गुडविल (म्हणजे नावाची बाजारातली पत), जुने फोटो, कॅटलॉग, जाहिरातींचे हक्क, पॅटर्न, नमुने, डोमेन हे सगळं एकेक लिहून घ्या. "इतर सर्व साहित्य" असं मोघम लिहिलेलं नंतर कामाला येत नाही. ब्रँडला संस्थापकाचं आडनाव असेल तर घरच्यांशी पण बोला, कायद्याने गरज असो नसो, कारण जुने फोटो आणि गोष्टी त्यांच्याकडेच असतात आणि ते नाराज असले तर ते चारचौघात बोलणार.

अजून एक, मागच्या खिशावरची शिलाई. जुन्या काळात बऱ्याच ब्रँडनी लिव्हाइजसारखी दुहेरी कमान मारली होती. ती कमान लिव्हाइजने १९४३ मध्ये ट्रेडमार्क करून घेतलीय आणि ते कोर्टात जायला मागेपुढे बघत नाहीत, जपानी ब्रँडना पण सोडलेलं नाही. तेव्हा जुन्या पँटवर कमान दिसली म्हणून तशीच उचलू नका, आधी वकिलाला दाखवा. खिशाच्या बाजूच्या शिवणीतल्या छोट्या कापडी टॅबचं पण तेच.

आणि "अमुक सालापासून" असं लिहायची घाई करू नका. मध्ये पंचवीस-तीस वर्षं बंद होतं ना? मग तसंच लिहा, अमक्या साली सुरू, तमक्या साली बंद, यंदा परत. डेनिमचे शौकीन लोक तारखा तपासतात आणि मधला खड्डा लपवलेला दिसला की बाकीच्या गोष्टीवर पण विश्वास ठेवत नाहीत.

आता पँट

कागद सापडले नाहीत तर घाबरू नका. खुद्द लिव्हाइजचे जुने कागद १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात आणि आगीत गेले, त्यांना स्वतःच्याच जुन्या पँटी बाहेरून विकत घ्याव्या लागतात. २००१ मध्ये त्यांनी ऑनलाइन लिलावात १८८० च्या दशकातली एक जोडी ४६,५३२ डॉलरना घेतली. तुम्हाला एवढं परवडायची गरज नाही, कारण तुमच्या ब्रँडच्या मागे अजून कोणी लागलेलं नसतं, आणि हेच कारण आहे की बातमी फुटायच्या आधी खरेदी उरकून घ्यायची.

शोधायचं कुठे? जुन्या कपड्यांचे व्यापारी, ऑनलाइन लिलाव, जुन्या दुकानदारांचे पोटमाळे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे काम केलेली माणसं. मालकापेक्षा कटिंग मास्तर जास्त सांगतो. कुठला धागा यायचा, कुठल्या मिलचं कापड यायचं, कुठल्या वर्षी स्वस्त करायला म्हणून काय काढून टाकलं, हे त्याला पाठ असतं. ही माणसं वयस्कर असतात, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका, रेकॉर्ड करून ठेवा.

न वापरलेली, न धुतलेली जुनी जोडी मिळाली तर सोनंच, कारण तिची मापं मूळ मापं असतात. पण तिला कापू बिपू नका. उसवायला एक फाटकी घ्या, जितकी फाटकी तितकी बरी, आणि शिवण शिवण उसवून तुकडे सपाट करा. दुमडलेल्या शिवणीच्या आत कापडाचा मूळ निळा रंग शाबूत असतो, बाहेर कितीही विटलेलं असलं तरी. मिलला रंग दाखवायला तोच तुकडा द्यायचा. भिंगाखाली एका इंचात उभे धागे किती आडवे किती ते मोजा, कापडाचं वजन करा, पण लक्षात ठेवा की धुऊन आटलेलं कापड चौरस वाराला मुळापेक्षा जड लागतं.

मापं घेताना नुसती कंबर आणि उंची नाही. पुढचं आसन, मागचं आसन, मांडी, गुडघा, मोहरी, मागच्या योकची (कंबरपट्टीखालच्या जोडतुकड्याची) उंची मधे आणि कडेला, खिसा योकपासून किती खाली आहे, दोन खिशांमधलं अंतर, इंचाला टाके किती, धाग्याचा रंग एकच आहे की पिवळा आणि नारिंगी असे दोन आहेत. खिशाच्या आतल्या अस्तरावर काही छापलंय का तेही बघा. एका पँटवरून निष्कर्ष काढू नका, त्या काळी पण शिवणारे हात वेगवेगळे होते, चार-पाच जोड्या मापल्या की कुठला फरक मुद्दाम केलेला आणि कुठला चुकून झालेला ते कळतं.

साल कसं ठरवायचं? लिव्हाइजच्या बाबतीत लोकांनी यादीच करून ठेवलीय, पट्ट्याचे लूप १९२२, लाल टॅब १९३६, मागच्या खिशाची रिव्हेट (कोपऱ्यातली धातूची टिकली) कापडाखाली लपवली १९३७, ती काढूनच टाकली १९६६, टॅबवरच्या नावातला मोठा इंग्रजी ई छोटा झाला १९७१. तुमच्या ब्रँडची अशी यादी तुम्हालाच करावी लागणार. चेनवर कोणाचा शिक्का आहे, बटणाच्या पाठीमागे काय आहे, धुण्याच्या सूचनांचं शिवलेलं लेबल आहे का (अमेरिकेत ते १९७२ पासून सक्तीचं झालं, म्हणजे तिथली लेबल नसलेली पँट बहुतेक त्याआधीची). अमेरिकन मालावर आरएन नंबर (कंपनीचा नोंदणी नंबर) असेल तर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या साइटवर तो टाकून बघा, नोंद कोणाच्या नावावर आहे ते फुकट कळतं.

मग एक वर्ष निवडा. एकच. इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात, पन्नासचं पॅच, सत्तरची बेलबॉटम, नव्वदचा वॉश, सगळं एकाच पँटवर. प्रत्येक ब्रँडचा एक काळ असा असतो जेव्हा पँट का तशी आहे याला कारण होतं. १९४७ ची रँग्लर ब्रँडची १३एमडब्ल्यूझेड नावाची पँट बघा, रोडिओ बेन नावाच्या टेलरने घोड्यावर बसणाऱ्यांसाठी बेतलेली, म्हणून आसन उंच, म्हणून रिव्हेट सपाट, खोगिराला ओरखडे पडू नयेत. असं कारण तुमच्या पँटमध्ये सापडलं की ते वर्ष पकडा. कारण न सापडणाऱ्या गोष्टी खुशाल सोडा. दुसऱ्या महायुद्धात धागा वाचवायचा म्हणून लिव्हाइजने खिशावरची कमान शिवायच्या ऐवजी रंगाने काढली होती, आता तशी रंगवलेली कमान हौशी लोकांना आवडते ठीक आहे, पण तुमच्या ब्रँडने मंदीत अस्तर पातळ केलं असेल तर ते पातळ अस्तर परत आणण्यात काही शौर्य नाही.

कापड, इथे वेळ घालवा

डेनिममध्ये उभा धागा निळीत रंगवलेला आणि आडवा पांढरा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढे पाच प्रश्न आहेत आणि बहुतेक उत्तरं तुमच्या उसवलेल्या तुकड्यात आहेत.

तिरप, म्हणजे विणीतल्या तिरक्या रेषा, कुठल्या बाजूला जाते? उजवीकडे वर जाणारी नेहमीची, डावीकडे जाणारी ली हा ब्रँड वापरायचा आणि ती वापरून जास्त मऊ पडते, आणि तुटक तिरप म्हणजे ब्रोकन ट्विल, रँग्लरने १९६४ मध्ये घेतलेली, त्यात धुतल्यावर पाय पिळवटत नाही. जुन्या उजव्या तिरपेच्या पँटीत बाजूची शिवण घोट्यापाशी पुढे येते, काही लोकांना तेच पाहिजे असतं. ठरवा पण ठरवून करा, नाहीतर तक्रारी येतात.

धागा कसा काढलाय? रिंगवर काढलेला धागा थोडा जाडबारीक असतो, त्यामुळे रंग उतरताना उभ्या रेषा पडतात. सत्तरच्या दशकापासून ओपन-एंड, म्हणजे रिंगशिवाय काढलेला धागा पसरला, स्वस्त आणि एकसारखा. आता गंमत अशी की तुमच्या ब्रँडचा चांगला काळ ८० च्या आसपासचा असेल तर ओपन-एंडच खरा आहे, आणि तरी लोक डोळे झाकून रिंग-स्पन मागतात.

तेच सेल्वेजचं. धोट्याच्या मागावर कापडाला दोन्हीकडे पक्का काठ येतो, तोच सेल्वेज, पण पन्हा जेमतेम २८ ते ३२ इंच, म्हणून एका पँटीला तीन वारांच्या आसपास कापड जातं, रुंद मागाच्या कापडात याच्या निम्म्यात भागतं. वर माग हळू. किंमत तिथेच चढते. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोची, कोन मिलची व्हाइट ओक फॅक्टरी, १९०५ पासून चालू असलेली, जिथून कितीतरी अमेरिकन ब्रँड सेल्वेज घ्यायचे, ती २०१७ च्या शेवटी बंद पडली. जपानमध्ये कैहारा, कुरोकी, कुराबो आहेत, इटलीत कँडियानी, भारतात अरविंद, तेव्हा कापड मिळतं, प्रश्न तो नाही. प्रश्न हा की तुमच्या ब्रँडने कधी सेल्वेज वापरलं होतं का. नसेल तर काठावरच्या नुसत्या लाल रेषेसाठी दुप्पट पैसे घालवू नका, लोक मोहरी दुमडून काठ बघतात ते ठीक आहे पण तुमची पँट काठाची नव्हती तर नव्हती.

निळीचं पण एक सांगतो. बीएएसएफने कारखान्यात तयार केलेली नीळ १८९७ मध्ये बाजारात आणली आणि पुढच्या काही वर्षांत झाडाची नीळ मागे पडली. म्हणजे ५० च्या दशकातल्या ब्रँडला "मूळची नैसर्गिक नीळ" असं चिकटवणं इतिहास म्हणून चूक आहे. विचारायचं ते हे, की धागा दोरासारखा गुंडाळून रंगवलाय का. रोप डाइंगमध्ये धागा निळीत बुडवतात, वर काढून हवा देतात, परत बुडवतात, असं बऱ्याच वेळा, त्यामुळे रंग वरवर बसतो आणि आत गाभा पांढरा राहतो. पुढे पँट विटते ती या पांढऱ्या गाभ्यामुळे. खाली किंवा वर सल्फर रंगाचा हात दिलाय का ते पण विचारा, त्याने उतरतानाचा रंग बदलतो.

शेवटचा प्रश्न आटण्याचा. सॅनफोर्ड क्लुएटची सॅनफोरायझिंगची पद्धत १९३० ची, कापड आधीच आटवून घ्यायचं. त्याआधीचं किंवा मुद्दाम कच्चं ठेवलेलं कापड खळीने कडक असतं आणि पहिल्या धुण्यात ७ ते १० टक्के आटू शकतं. हौशी लोक टबात बसून घालतात वगैरे, पण ऑनलाइन विकणार असाल तर परत येणाऱ्या पार्सलांचा विचार करा. माझा सल्ला, पहिला लॉट सॅनफोराइज्डच घ्या, तुमच्या ब्रँडची ओळखच कच्च्या कापडाची असेल तेवढाच अपवाद.

पहिल्या लॉटला खास कापड विणून घ्यायला जाऊ नका, मिलची किमान ऑर्डर हजारो वारांत असू शकते. मिलच्या तयार मालातून सगळ्यात जवळचं शोधा, पाच-सहा नमुने घ्या, प्रत्येकाची एक एक पँट शिवा, धुवा, वाळवा, असं तीनदा करा आणि दर वेळी मापा. मिलचा रिपोर्ट काहीही म्हणो, आटण्याचा आकडा तुमच्या धुण्यातला धरायचा, आणि पॅटर्नमध्ये तो उभा वेगळा आणि आडवा वेगळा मिळवायचा.

शिवण आणि बाकीचं सामान

जुना पॅटर्न जसाच्या तसा सगळ्या साइजमध्ये वाढवू नका. जुन्या पँटी उंच आसनाच्या, त्या नाभीजवळ घालायच्या, आज तोच माणूस कंबर खाली घालतो आणि मग म्हणतो साइज चुकली. दिसायला जुनंच राहील पण बसायला थोडं सुधारायचं असेल तर मागच्या आसनात आणि मांडीत बदल करा, खिशांच्या जागांना आणि योकच्या कोनाला हात लावू नका, लांबून ओळख त्याच्यावरूनच पटते. कंबरेवर ३२ लिहिलं असेल तर टेपवर ती ३२ च्या जवळ भरली पाहिजे, आजकाल कितीतरी ब्रँड यात ढील देतात.

फॅक्टरी निवडताना किमतीच्या आधी मशिनं बघा. जाड कापडाच्या चार-पाच थरांवरून जाताना टाका सुटतो का, आतली शिवण साखळी टाक्याची करतात का, काज आधी कापून शिवतात की शिवून कापतात. खालच्या दुमडीला युनियन स्पेशल ४३२००जी नावाच्या जुन्या मशिनचं फार कौतुक आहे, त्याने कापड थोडं ओढलं जातं आणि धुतल्यावर दोरीच्या पिळासारखे पट्टे उमटतात. मशिन आता बनत नाही, चालू स्थितीतलं महाग मिळतं, आणि दुरुस्त करणारा माणूस मशिनपेक्षा दुर्मिळ. एवढ्या एका कामासाठी ज्याच्याकडे ते आहे त्याच्याकडून दुमड मारून घ्या, झालं.

नमुना ज्या लाइनवर माल शिवणार त्याच लाइनवर शिवून घ्यायचा. सँपल रूममधला मास्तर सुंदर शिवतो, त्याचा उपयोग नाही.

बटणं, रिव्हेट, पॅच यांचं गणित वेगळंच. तुमचं नाव कोरलेल्या बटणासाठी साचा करावा लागतो, त्याचे पैसे वेगळे, आणि किमान नग भरपूर. बटण आणि पॅच नावाचे करा, रिव्हेट साधी घ्या. तसं रिव्हेटवरूनच सगळं सुरू झालं म्हणा, अमेरिकेतल्या रिनोच्या जेकब डेव्हिस टेलरने खिशाचे कोपरे फाटू नयेत म्हणून ती मारली आणि २० मे १८७३ ला लिव्हाय स्ट्रॉसबरोबर पेटंट घेतलं. पण गिऱ्हाईक तिच्यावरचं नाव वाचत नाही, ती घट्ट बसलीय का आणि गंजत नाही ना एवढंच बघा.

वॉशवर थोडक्यात. एक कच्ची, एक फक्त एकदा धुतलेली, पुरे. विटवलेली करायचीच असेल तर तुमच्याकडच्या खऱ्या जुन्या पँटीच्या खुणा लॉन्ड्रीला द्या, लेझर आणि ओझोनवर बरंच होतं. वाळूचा मारा करून विटवणाऱ्याकडे जाऊ नका, त्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाला, तुर्कस्तानने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. कुठे करतात ते फोनवर विचारून भागत नाही, जाऊन बघा.

किती बनवायच्या, कोणाला विकायच्या

एक फिट, एक कापड, आणि साइज जितक्या लागतील तितक्या. पैसा कापडात कमी आणि न विकल्या गेलेल्या साइजमध्ये जास्त अडकतो. प्री-ऑर्डर घेतली तर कुठली साइज किती लागणार ते आधीच कळतं, फक्त डिलिव्हरीची तारीख फॅक्टरी सांगेल त्याच्या दोन महिने पुढची सांगा. साइज चार्टवर शरीराची मापं न देता पँटीची, धुतल्यानंतरची खरी मापं द्या.

सांगायची गोष्ट म्हणून संस्थापकाचा जुना फोटो सगळेच लावतात. त्यापेक्षा काम करणारी माणसं दाखवा. वेल्समधल्या कार्डिगन गावात चार हजार वस्ती, त्यातली चारशे माणसं जीन्सच्या फॅक्टरीत होती, आठवड्याला ३५,००० पँटी निघायच्या, २००२ मध्ये फॅक्टरी बंद झाली. दहाएक वर्षांनी ह्यूट डेनिम तिथेच सुरू झालं, जुनं नाव न घेता, नुसत्या त्या शिवणाऱ्या हातांच्या भरवशावर, आणि लोकांना ते पटलं. तुमच्याकडे नावही आहे आणि जुना कटिंग मास्तरही सापडला असेल तर त्याला फक्त व्हिडिओपुरता बोलावू नका, पहिला नमुना त्याच्यासमोर टेबलावर ठेवा आणि काय चुकलंय ते विचारा, मग शिवायला टाका.

दुरुस्ती पहिल्या दिवसापासून ठेवा, फुकट नाही तर नाममात्र. यात दानधर्म काही नाही. परत आलेली पँट कुठे फाटलीय ते बघायला मिळतं, आसनाच्या चौकात, मागच्या खिशाच्या कोपऱ्यात की मोहरीला. प्रत्येक पँटीच्या आतल्या अस्तरावर लॉट नंबर छापा, फाटलेल्या जागेचा फोटो त्या नंबरखाली ठेवा. एकाच लॉटच्या पाच पँटी एकाच जागी फाटून आल्या की फॅक्टरीला फोटो दाखवायचे, टाके वाढवून घ्यायचे किंवा आतून पट्टी लावायची, आणि हे झाल्याशिवाय दुसऱ्या लॉटचं कापड कापायला द्यायचं नाही. जॅकेट बिकेट नंतर.